कादंबरीतील मुंबई : १९६० ते १९७०

शहराचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारची साधने पुढे केली जातात. एक सरकारी दप्तर, म्हणजे जनगणनेचे अहवाल, गॅझेटियर, नगरपालिकेचे ताळेबंद. आणि दुसरे थोरांची चरित्रे. पहिल्यात माणसे मोजलेली असतात, दुसऱ्यात वेचलेली असतात. या दोहोंत न मावणारा जो सामान्य नगरवासी, तो सकाळी कुठे उठला, पाण्यासाठी किती वेळ तिष्ठला, संध्याकाळी घरी जावयाचे सोडून रस्त्याच्या कोपऱ्यावर का रेंगाळला, हे विचारले तर दप्तर गप्प बसते. अशा प्रश्नांची उत्तरे कादंबरीत सापडू शकतात, असे आमचे मत आहे. आणि त्या मताच्या पुष्टीसाठी १९६० ते १९७० या दशकातील मुंबई आम्ही येथे विचारास घेत आहोत.

हा विचार अपूर्व नव्हे. फ्रेंच समाजाविषयी इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्याहून अधिक आपण बाल्झाकच्या कादंबऱ्यांपासून शिकलो, अशा आशयाची कबुली एंगल्सने १८८८ मधील एका पत्रात दिली आहे. १९५८ मध्ये लुई शव्हालिए या फ्रेंच इतिहासकाराने पॅरिसच्या श्रमिक वस्त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा आकडेवारीच्या जोडीला त्याने बाल्झाक आणि ह्यूगो यांना साक्षीस बोलावले. आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीच्या बाबतीत हे आपण न कळत करीतच आलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या ब्राह्मण घरातील स्त्रीचा दिवस कसा जाई, हे वर्गात सांगताना शिक्षक यमूचाच दाखला देतो आणि कोणी त्यास हरकत घेत नाही. तोच न्याय भाऊ पाध्ये यांना लावण्याची वेळ आली की मात्र आपली जीभ अडखळते. जुनी कादंबरी आपल्याला पुरावा वाटते, नवी वाटते आगळीक. हा भेद वयाचा आहे, गुणाचा नाही.

आदिलाबादसारख्या ठिकाणी बसून मुंबईविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत आमच्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो; २०१४ पासून तेलंगणात आहोत. १ मे १९६० ला मुंबई ही मराठी राज्याची राजधानी झाली, ती आम्हा सीमेपलीकडच्या मराठी वाचकांना मुख्यतः छापील कागदावरूनच दिसली. आगगाडीने तेथे जाणे क्वचितचे, पुस्तकातून जाणे नित्याचे. तेव्हा कादंबरीतील मुंबई कितपत खरी, हा प्रश्न मुंबईकराला नसेल इतका आमच्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी दप्तर काय सांगते ते पाहू. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख ५२ हजार होती, ती १९७१ मध्ये सुमारे ५९ लाख ७१ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत अठरा लाखांची भर; आमच्या तेव्हाच्या अख्ख्या जिल्ह्यात इतकी माणसे नव्हती. ही माणसे राहिली कुठे? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरूचे त्याने रक्षण झाले यात शंका नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे घरमालकाला परवडेनासे झाले. जुन्या चाळी भरलेल्याच होत्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

आकडा वाचून हे डोळ्यांपुढे उभे राहत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ‘खोली’ हा शब्द कळतो. पण खोली म्हणजेच संपूर्ण घर, ही गोष्ट अंगण असलेल्या गावात वाढलेल्या मुलाला कळत नाही. एकदा आम्ही शाळेच्या मैदानावर चुन्याने दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब असा चौकोन आखला, एका कोपऱ्यात मोरी दाखवली, दुसऱ्यात चूल, आणि नऊ मुलांना आत झोपून दाखवण्यास सांगितले. सहा मुले कशीबशी मावली. उरलेल्या तिघांनी काय करावे, असे विचारता एक मुलगा म्हणाला, “सर, त्यांनी बाहेर उभे राहावे.”

त्या मुलाने ‘वासूनाका’ वाचलेला नव्हता. पण त्या पुस्तकाचे सूत्र त्याने एका वाक्यात सांगितले. भाऊ पाध्ये यांचे हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. ती कादंबरी म्हणावी की एका नाक्याने बांधलेली कथामाला, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. पोक्या नावाचा तरुण सांगतो आहे आणि त्याचे सोबती नाक्यावर उभे आहेत, एवढे पुरे. ही मुले काम करीत नाहीत, केले तर टिकत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींकडे पाहतात, अर्वाच्य बोलतात, मारामारीत पडतात, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तास काढतात. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढविला. दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषीने त्याची बाजू घेतली. त्या काळी अश्लीलतेचा प्रश्न एरवीही गाजत होताच. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला.

या वादात दोन्ही बाजूंनी नीतीचाच विचार अधिक झाला. पुस्तक समाजाला बिघडवते की समाजाचे सत्य सांगते, एवढाच मुद्दा राहिला. आम्हांला वाटते की त्यात घरबांधणीचा मुद्दा हरवला. ही मुले नाक्यावर का आहेत? घरात त्यांना जागा नाही म्हणून. थोरल्या भावाचे लग्न झाले की धाकट्याचे अंथरूण गॅलरीत जाते. गॅलरीत म्हाताऱ्यांची पथारी असली की ते जिन्याखाली जाते, आणि जिन्याखालीही कोणी असेल तर त्याने रात्र बरीच वर येईपर्यंत बाहेरच राहावे, हे सर्वांनी न बोलता मान्य केलेले असते. नाका म्हणजे त्या खोलीचाच रस्त्यावर आलेला भाग होय. त्यांच्या बोलण्यात आडपडदा नाही, कारण त्यांच्या जगण्यात आडपडदा लावण्यास भिंतच नाही. स्त्रीविषयी त्यांची जी भूक पुस्तकात वारंवार येते, तिच्याकडेही या दृष्टीने पाहावे. विवाहाला खोली लागते आणि खोली मिळत नाही. मग मधली दहा वर्षे तरुणाने कशी काढावयाची, याचे उत्तर ना घरापाशी होते ना समाजापाशी. अत्रे यांचा संताप प्रामाणिक होता, पण तो परिणामावर होता.

भाषेच्या बाजूनेही या पुस्तकाचे मोल आहे. भंकस, लफडे, खुन्नस असे शब्द ज्या बोलीत मोकळेपणी वावरतात ती मुंबईची नाक्यावरची मराठी तोवर ग्रंथात उतरलीच नव्हती, किंवा उतरली तर एखाद्या गुंडाच्या तोंडी, हसण्यासाठी. पाध्ये यांनी तिच्यात निवेदनच केले. ते स्वतः कामगार संघटनेत वावरलेले, शाळेत शिकविलेले, गिरणीत आणि आयुर्विमा महामंडळात कारकुनी केलेले आणि पुढे वृत्तपत्रात स्थिरावलेले. ज्याने इतक्या ठिकाणी मजूर आणि कारकून यांचे बोलणे ऐकले, त्याच्या कानावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

‘वासूनाका’ निघाला त्याच्या पुढील वर्षी, १९ जून १९६६ रोजी, मुंबईत शिवसेना स्थापन झाली. राजकीय इतिहास लिहिणारे तिची कारणे नोकऱ्यांच्या आकड्यांत शोधतात, आणि ते योग्यच आहे. कादंबरीने त्या घटनेचे भाकीत केले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे हा कादंबरीवर अन्याय होईल. परंतु हाताला काम नसलेला, घरात जागा नसलेला आणि आपल्या गल्लीबद्दल कमालीचा अभिमानी असा जो मराठी तरुण नंतर सर्वांच्या चर्चेचा विषय झाला, त्याचे चित्र आधीच छापून तयार होते. ते पाहावयाचे सोडून शिकलेले लोक त्यातील शिव्या मोजीत बसले होते.

जागेचा हाच प्रश्न पांढरपेशांच्या बाजूने पाहावयाचा असल्यास पाध्ये यांचीच ‘वैतागवाडी’ घ्यावी. तीही १९६५ चीच. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळविण्याची धडपड हाच तिचा विषय. पागडी हा शब्द आमच्याकडे अजून डोक्यावरच्या वस्त्राचा आहे, म्हणून तिची रीत सांगितली पाहिजे. खोलीचे भाडे कायद्याने नाममात्र ठरलेले. म्हणून खोली हाती देताना जुना भाडेकरू किंवा मालक एकरकमी पैसा घेई, आणि त्याची पावती मिळत नसे. १९४७ च्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने त्यास मान्यता दिली. म्हणजे अर्धशतकभर लाखो संसार एका बेकायदा व्यवहारावर उभे राहिले आणि सरकारी कागदात त्याची रीतसर नोंद होणे शक्यच नव्हते. जो व्यवहार लपविणे हेच सर्वांच्या हिताचे, त्याचा इतिहास दप्तरातून कसा लिहिणार? दारूबंदीचीही तीच गत. १९४९ च्या कायद्याने मुंबई कोरडी केली होती. तिच्या कादंबऱ्यांतील पात्रे मात्र कोरडी नाहीत.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. ती कादंबरी नव्हे, विनोदी लेखांची माळ आहे. पण चाळीचे जीवन तिच्याइतके कोणी लोकप्रिय केले नाही. तेथेही खोली लहानच आहे; परंतु गॅलरी ही रंगभूमी आहे, शेजार ही संपत्ती आहे आणि दाटी हे विनोदाचे कारण आहे. अवघ्या सात वर्षांत हास्याचे वैतागात रूपांतर व्हावे, हे आश्चर्यकारक वाटते. चाळ तीच होती; मात्र पु. लं.ची नजर मागच्या पिढीच्या चाळीवर आहे, जेथे खोली मिळून गेली होती. पाध्ये यांची माणसे त्यानंतर आलेली आहेत. आमच्या शाळांत पहिले पुस्तक मुले वाचतात आणि दुसऱ्याचे नावही ऐकत नाहीत, त्यामुळे चाळ म्हणजे गंमत अशी त्यांची समजूत होऊन बसते.

चाळीच्याही खाली एक पायरी होती. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ १९६३ मध्ये आली. अम्मा, तिचा मुलगा बेन्वा, लुका हा उनाड दादा आणि अम्माच्या आयुष्यात येणारा ट्रकवाला एवढ्या माणसांवर ती उभी आहे. १९८१ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि स्मिता पाटील यांच्या भूमिकेमुळे ही अम्मा देशभर माहीत झाली. अम्माला हवे आहे ते स्वतःचे झोपडे, आणि त्या हव्यासापायी माणसे कशी जोडावी लागतात नि कशी सोडावी लागतात, हे दळवी काही न आवरता सांगतात. दळवी आरवलीचे, कोकणातले. विनोदी सदर लिहिणारा हा लेखक या वस्तीत शिरला कसा, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. त्यांचे बळ असे, की ते गरिबीची कीव करीत नाहीत आणि तिचे गाणेही करीत नाहीत. सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ आली. तीत खाडीकाठच्या झोपडपट्टीचे जग आहे. कर्णिक यांची सहानुभूती मोठी; मात्र ‘चक्र’च्या कोरड्या नजरेपुढे ती आम्हांला थोडी ओलसर वाटते.

आता सरकारी तारखांशी हे ताडून पाहावे. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा १९७१ चा. मुंबईतील झोपड्यांची पहिली सरकारी गणना १९७६ मध्ये झाली. म्हणजे या दशकात झोपडपट्टी ही शासनाच्या लेखी पाडून टाकावयाची वस्तू होती, मोजावयाची वस्ती नव्हती. ‘चक्र’ त्या गणनेच्या आधी तेरा वर्षे लिहिली गेली. गणना करणारा दाराशी जाऊन माणसे किती हे विचारतो. कोण कोणाचे, हे तो विचारीत नाही, आणि विचारले तरी अम्माने खरे सांगितले नसते.

तरीही कादंबरीला न्यायाधीशाच्या आसनावर बसवू नये. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. कादंबरी ज्या काळाविषयी आहे त्याच काळात लिहिली गेली काय, हे आधी पाहावे. किरण नगरकर यांची ‘रावण अँड एडी’ ही इंग्रजी कादंबरी माझगावच्या चाळीतील बालपण रंगवते. पण ती १९९५ ची आहे. तीस वर्षांनंतरची आठवण चांगली कथा देते, मात्र तिच्यात पुढचे माहीत असल्याची जाणीव मिसळलेली असते. उलट, त्या वेळीच लिहिणाऱ्याला आपण इतिहास नोंदवतो आहोत याचे भान नसते, म्हणून त्याच्याकडून बारीकसारीक गोष्टी सहज निसटून येतात. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. साठीच्या आरंभीचे पात्र ट्राममध्ये चढते ते कोणाला स्मरणरंजन घडावे म्हणून नव्हे, त्याला दादरला जावयाचे असते म्हणून.

स्त्रियांच्या बाबतीत ही साक्ष फार लंगडी आहे. नाक्यावरून दिसणारी स्त्री ही केवळ जाणारी स्त्री आहे; ती कुठून निघाली आणि घरी जाऊन काय करणार, हे पोक्याला ठाऊक नाही. पहाटे आरेच्या दुधाच्या केंद्रापाशी उभी राहणारी, पाणी जाण्याच्या आत भांडी भरणारी, गिरणीतल्या एकट्या पुरुषांसाठी खाणावळ चालवून संसार ओढणारी बाई या कादंबऱ्यांत कडेकडेने येते. अम्मा मध्यभागी आहे खरी, पण तीही पुरुषाच्या लेखणीतली.

गिरणीविषयीही असेच म्हणावे लागते. मामा वरेरकर यांनी १९३३ मध्ये ‘धावता धोटा’ लिहून कामगार कादंबरीत आणला. साठीच्या दशकात गिरण्यांचे भोंगे मुंबईचा दिवस बांधून देत असताना त्यांच्या आतील खात्यांचे, धुरळ्याचे, पाळीचे चित्र आम्ही घेतलेल्या कादंबऱ्यांत थोडेच आहे. ज्या खोलीत तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने एकाच चटईवर झोपत, तिचे वर्णन मिळते. ती माणसे दिवसाचे आठ तास काय करीत, याचे नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या, त्यामुळे ही उणीव आता अधिक खुपते. बाबूराव बागूल यांच्या ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या संग्रहाने पांढरपेशा लेखकांना न दिसलेले पुष्कळ दाखविले; परंतु त्या कथा आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा.

शेवटी एक गोष्ट आम्हा तेलंगणातील मराठी लोकांना विशेष जाणवते. मुंबईतील कामाठीपुऱ्याला ते नाव निजामाच्या मुलखातून बांधकामाच्या मजुरीसाठी गेलेल्या कामाठी लोकांवरून पडले. पुढे करीमनगर, निजामाबादकडील पद्मशाली विणकर मुंबईच्या गिरण्यांत मागावर उभे राहिले. घरी तेलुगू, कामावर मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या या माणसांनी त्याच दशकात त्याच दहा बाय सोळाच्या खोल्यांत दिवस काढले. परंतु या कादंबऱ्यांच्या मध्यभागी त्यांतील कोणी नाही, आणि मराठी साहित्यात ‘कामाठीपुरा’ हा शब्द एका निराळ्याच अर्थाने रूढ होऊन बसला. त्यांच्या दिवसाची नोंद मराठी कादंबरीबाहेर शोधावी लागेल. परिषदेच्या जिल्हा शाखांनी तेलुगू जाणणाऱ्या शिक्षकांना बरोबर घेऊन, ज्या घरांतून माणसे मुंबईला गेली त्या घरांतील जुनी पत्रे आणि मनीऑर्डरीच्या पावत्या गोळा करण्यापासून आरंभ करावा. मनीऑर्डरीच्या चिठोऱ्यावर खाली दोन ओळी लिहिण्यास जागा असे, आणि त्या दोन ओळींत खोलीचा उल्लेख पुष्कळदा येई.